वार्धक्यातील मूर्च्छा : हृदयाचा इशारा

घरातील वृद्ध व्यक्ती एकाएकी कोसळते, क्षणभर शुद्ध हरपते आणि थोड्याच वेळात उठून बसते. 'पित्त खवळले असेल', 'उपासाने भोवळ आली असेल' असे म्हणून घरची मंडळी निश्चिंत होतात. परंतु ही निश्चिंती कधी कधी प्राणावर बेतते.

मेंदूचा रक्तपुरवठा काही सेकंद अपुरा पडला की मूर्च्छा येते. वेदना, भीती वा फार वेळ उभे राहणे यांमुळे येणारी भोवळ सहसा निरुपद्रवी असते. एकदम उठून उभे राहिल्याने रक्तदाब उतरूनही शुद्ध हरपते. रक्तदाबावरील काही औषधे त्यास हातभार लावतात. तिसरे कारण मात्र हृदयातच असते. ठोक्यांचे नियमन करणारी विद्युत्-यंत्रणा वयपरत्वे झिजते व नाडी अतिमंद होते. किंवा ठोके बेसुमार वाढतात. अथवा महारोहिणीची झडप आकुंचित होऊन रक्ताची वाट अडते.

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे ७,८१४ व्यक्तींच्या प्रकृतीचा सरासरी १७ वर्षे मागोवा घेण्यात आला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हृदयविकारजन्य मूर्च्छा आलेल्यांना मृत्यूचा धोका, मूर्च्छा कधीच न आलेल्यांच्या सुमारे दुप्पट होता. साध्या भोवळीने तो वाढला नव्हता. म्हणूनच कारणाचा शोध महत्त्वाचा ठरतो.

या विकाराचा भार एकट्या रुग्णावर पडत नाही. पडल्याने खुब्याचे हाड मोडले की हिंडतेफिरते माणूस अंथरुणाला खिळते. शुश्रूषेसाठी घरातील कोणाची तरी मजुरी बुडते. 'पुन्हा पडेन' या धास्तीने वृद्ध घराबाहेर पडेनासे होतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्ती १० कोटींहून अधिक होत्या, हे लक्षात घेता प्रश्नाची व्याप्ती ध्यानी येते.

सुदैवाने यावर उपाय आहेत. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात जगातील पहिला पेसमेकर बसविण्यात आला. दिवसातून अनेकदा मूर्च्छित होणारे लार्सन त्यानंतर २००१ पर्यंत जगले. आकुंचित झडपही आता बदलता येते.

चालताना वा श्रम करताना, पडल्या जागी वा बसल्या जागी, कोणतीही पूर्वसूचना न देता आलेली मूर्च्छा हृदयाची समजून तत्काळ वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. छातीत धडधड वा वेदना झाली असल्यास, अथवा आधीपासून हृदयविकार असल्यास विलंब मुळीच नको. विद्युत्-हृल्लेख, म्हणजेच ई.सी.जी., काढण्यास काही मिनिटे पुरतात. प्रसंग पाहणाऱ्याने डॉक्टरांना सर्व हकिकत सांगावी. निदानास तिचा मोठा उपयोग होतो.

मूर्च्छिताला उताणे निजवून पाय किंचित उंच करावेत. पडताना दुखापत झाल्याची शंका असल्यास मात्र त्याला हलवू नये. तोंडात पाणी घालू नये, कांदा हुंगविण्यात वेळ दवडू नये. शुद्ध येत नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबल्यास छातीवर मध्यभागी जोराने व भरभर दाब देत राहावे.

वार्धक्य म्हटले की चक्कर यायचीच, हा समज आता सोडावयास हवा. कोसळणे हा वयाचा धर्म नव्हे. तो बहुधा उपचार करता येण्याजोग्या आजाराचा इशारा असतो.