खर्रर्र... आणि मग शांत! (एका टायमिंग चेनची गोष्ट)

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. इंग्लिश सेक्शनमध्ये का नाही लिहिलं? कारण ही गोष्ट आमच्या मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये घडली आणि तिथे सगळं मराठीतच चालतं.

आमच्या घरी २०१४ ची पेट्रोल गाडी आहे. मी चौथीत असताना घेतलेली. मागच्या डिसेंबरमध्ये सुट्टीला सांगलीला गेले, तर पहाटे बाबांनी स्टार्टर मारला आणि बॉनेटखालून आवाज आला, खर्रर्र! दोन-तीन सेकंद, आणि मग शांत. बाबा म्हणाले, "इंजिनियर, बघा जरा काय ते."

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते ना मी! लगेच मोबाईलला ब्लूटूथचा ओबीडी डोंगल जोडला. एकही कोड नाही, चेक इंजिनचा दिवाही नाही. मी निकाल दिला, "टॅपेटचा आवाज आहे बाबा, थंडीमुळे. काही होत नाही." बाबांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि चार महिने गाडी तशीच चालवली. आई शेजारी बसून आंबा घाटातून रत्नागिरीलासुद्धा जाऊन आली. आता आठवलं की पोटात गोळा येतो.

तो आवाज टॅपेटचा नव्हता.

थोडी थिअरी बघू. फोर स्ट्रोक इंजिनमध्ये क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणून कॅमच्या स्प्रॉकेटला क्रँकच्या दुप्पट दाते. पूर्वीच्या पद्मिनी आणि अँबॅसॅडरमध्ये कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच, क्रँकच्या जवळ असायचा, त्यामुळे चेन आखूड. (आमचे मिस्त्री पद्मिनीवर हात बसलेले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, तेव्हा त्यांना आपल्याच घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं म्हणे.) पुढे कॅम वर हेडमध्ये गेला आणि चेन लांबलचक झाली. काही कंपन्यांनी तिच्या जागी रबरी बेल्ट आणला. बेल्ट ठराविक किलोमीटरनंतर बदलायचाच असतो, हे निदान लोकांना माहीत असतं. चेनबद्दल मात्र "ती लाईफटाइम असते" असं ऐकून आपण तिला विसरून जातो. लाईफ कोणाची, ते कोणी विचारत नाही!

चेन जुनी झाली की "ताणली" म्हणतात. मीही तसंच समजत होते, म्हणजे रबर बँडसारखी स्टीलची पट्टी लांबते. तसं नाहीये. पट्ट्या होत्या तेवढ्याच राहतात, झिजतात ते पिन आणि बुश. प्रत्येक सांध्यात केसाएवढी झीज होते आणि सगळे सांधे मिळून चेन लांब होते. पिन-बुशमध्ये ऑईलची पातळ फिल्म असेपर्यंत झीज फार हळू होते. ऑईल जुनं झालं, त्यात काजळी आणि बारीक कण साठले, की तेच ऑईल पॉलिश पेपरचं काम करतं.

आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. सर्व्हिस बुकात लिहिलं होतं, ऑईल १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. बाबांची गाडी घर ते ऑफिस, जेमतेम तीन किलोमीटर. वर्षाला चार हजार किलोमीटर. मग बाबांचा हिशोब सरळ, दहा हजार झालेच नाहीत तर ऑईल कशाला बदलायचं? असं करत अडीच वर्षं गेली. आणि एवढ्या छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही. थंड इंजिनात जास्तीचं पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं, पाण्याचा अंश साठतो आणि तो उडून जायला वेळच मिळत नाही. म्हणजे कमी चालणाऱ्या गाडीचं ऑईल उलट लवकर खराब होतं. "जे आधी येईल ते" हे तीन-चार शब्द आमच्या घरात कोणी वाचलेच नव्हते.

एप्रिलमध्ये आवाज दोन सेकंदांवरून पाचवर गेला, मग गरम इंजिनलाही अधूनमधून यायला लागला. पिकअपही पडलं होतं. शेवटी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनवर, मूठ कानाला. आधी वर व्हॉल्व्ह कव्हरवर, मग बाजूच्या चेन कव्हरवर. "टॅपेट एका लयीत टिकटिकतं, पोरी. हे बघ, याला लय आहे का?" मी कान लावला. लय नव्हती. कव्हरच्या आत साखळी फरफटल्यासारखं ऐकू येत होतं, आणि रेस सोडली की वाढत होतं.

मग सकाळीच जास्त आवाज का? चेनच्या सैल बाजूला एक गाईड असतं आणि त्याला मागून दाबणारा टेन्शनर. बहुतेक गाड्यांत हा टेन्शनर ऑईलच्या प्रेशरवर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्यातलं ऑईल हळूहळू उतरतं. सकाळी पंपाचं प्रेशर तिथे पोचेपर्यंत सैल चेन कव्हरवर, गाईडवर आपटते. चेन नवी असेल तर सैलपणा एवढा कमी की आवाज येत नाही. ऑईल फिल्टरमध्येही ऑईल परत उतरू न देणारी एक रबरी झडप असते. हलका फिल्टर लावला आणि ती झडप नीट बसली नाही, तरी असाच आवाज येऊ शकतो. म्हणून मिस्त्रींनी आधी ऑईल आणि चांगला फिल्टर बदलून दोन दिवस वाट पाहिली. हजार रुपयांत सुटत असेल तर सुटू दे म्हणून. नाही सुटलं.

कव्हर उघडलं तर टेन्शनरचा दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर आलेला. प्लॅस्टिकच्या गाईडला चेनने दोन खोल चर पाडलेले. मी म्हटलं, "पण टेन्शनर होता ना दाबायला? मग टायमिंग कसं बिघडेल?" मिस्त्री हसले, उत्तर दिलं नाही. ते मी रात्री घरी कागदावर काढलं, आणि या लेखात मला खरं तर एवढंच सांगायचं आहे.

जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला टांगून मोजल्या. लिंका १३०, पिच ८ मिलिमीटर, म्हणजे नवी १०४० मिलिमीटर. जुनी भरली १०४८. वाढ साधारण ०.७७ टक्के, म्हणजे एका सांध्यात फक्त ०.०६ मिलिमीटर! डिझाइनच्या पुस्तकात साध्या यंत्राच्या चेनला दोन-तीन टक्के वाढ चालते असं आपण शिकतो. टायमिंगच्या चेनला तेवढी मोकळीक नसते, तिची मर्यादा त्या-त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये बघायची.

आता क्रँक ज्या बाजूने चेन खेचतो, त्या ताठ बाजूला साधारण ४० लिंका होत्या. म्हणजे ३२० मिलिमीटर, आणि तिथली वाढ सुमारे २.५ मिलिमीटर. कॅमच्या स्प्रॉकेटला ३६ दाते, म्हणजे एका फेऱ्याला ३६ गुणिले ८, २८८ मिलिमीटर चेन लागते. २.५ भागिले २८८ गुणिले ३६०, उत्तर जवळपास ३ अंश. कॅम ३ अंश मागे पडला, म्हणजे क्रँकच्या हिशोबात ६ अंश. टेन्शनर असतो सैल बाजूला. तो चेन घट्ट ठेवतो, पण ताठ बाजूची लांबी कमी करू शकत नाही! इनलेट व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, कमी आरपीएमला आत घेतलेली थोडी हवा परत बाहेर जाते आणि पिकअप पडतं.

आणि कोड? क्रँक आणि कॅमच्या सेन्सरमधला फरक ठरलेल्या हद्दीबाहेर गेला की ईसीयू पी ००१६ सारखा कोड देतो. आमचा फरक हद्दीच्या आत होता. कोड नाही याचा अर्थ चेन ठीक आहे असा होत नाही, आणि मी नेमका तोच अर्थ लावला होता. टेन्शनर पूर्ण बाहेर आल्यावर पुढची पायरी म्हणजे चेनने दात सोडणं. एक दात सुटला तर कॅम १० अंश, क्रँक २० अंश. ज्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात, तिथे अजून एखाद-दोन दात सुटले की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. आंबा घाटात हे झालं असतं तर...

मिस्त्रींनी पूर्ण किट बदललं. चेन, दोन्ही गाईड, टेन्शनर, स्प्रॉकेट. नुसती चेन बदलली तर जुन्या दात्यांवर नवी चेन लवकर खराब होते. नव्या चेनवर रंगीत लिंका असतात, त्या स्प्रॉकेटच्या खुणांवर बसवल्या, टेन्शनरची पिन ओढली आणि पान्याने क्रँक हाताने दोन फेरे फिरवला. स्टार्टर मारायच्या आधी हे करायचंच, चुकलं असेल तर हाताला अडकतं, व्हॉल्व्ह वाचतात. दोन फेरे झाले आणि मी ओरडले, "चाचा, रंगीत लिंका हलल्या! चुकलं!" मिस्त्री शांतपणे म्हणाले, "लिंका नको बघू. खुणा बघ." खुणा बरोबर होत्या. क्रँकला १८ दाते, चेनला १३० लिंका. गणित केलं तर रंगीत लिंका परत जागेवर यायला क्रँकचे १३० फेरे लागतात!

खर्च पंधरा हजारांच्या घरात गेला. बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

पहिला स्टार्टर मी मारला. खर्रर्र! माझा चेहरा पडला. "टेन्शनर रिकामा आहे गं, भरू दे," मिस्त्री म्हणाले. तीन सेकंद. मग शांत. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला बाबांनी मला उठवून खाली नेलं आणि किल्ली फिरवली. काही आवाज नाही.

बॉनेटच्या आत आता बाबांच्या अक्षरात एक चिठ्ठी आहे. तिच्यावर किलोमीटर नाहीत, फक्त तारीख. जुनी चेन मी हॉस्टेलवर आणली आहे. कोणाला मोजून बघायची असेल तर रूमवर या, व्हर्नियर मात्र लॅबमधून आणा.