दावा चालू असता मिळकत घेणाऱ्याचे स्थान

व्यापारी माल घेताना पोत्यात हात घालून दाणा तळहातावर पारखतो; पण तोच गृहस्थ गोदामाची किंवा दुकानाची जागा घेताना, मालक ओळखीचा आहे एवढ्यावर बयाणा देऊन मोकळा होतो. खरेदीखत नोंदल्यावर कळते की, त्या जागेबद्दल तीन वर्षांपासून दिवाणी न्यायालयात दावा चालू आहे. अशा बंधूंचा आम्हांस पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘खरेदीखत रद्द झाले काय?’

रद्द झालेले नसते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ ने असा व्यवहार निरर्थक ठरत नाही. तो दाव्याच्या निकालाच्या अधीन राहतो, इतकेच. मात्र ‘आम्हांस दावा ठाऊक नव्हता, आम्ही पुरती किंमत मोजली’ ही सबब येथे चालत नाही. दावा दाखल झाल्यापासून हुकूमनाम्याची पूर्ण फेड होईपर्यंत हे बंधन असते. म्हणजे अपिलाच्या काळातील खरेदीही त्यातून सुटत नाही. महाराष्ट्र व गुजरात राज्यांत १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे दाव्याची नोटीस नोंदणी कार्यालयात नोंदलेली असेल तरच हे कलम लागते. त्यामुळे वडोदऱ्याच्या बंधूंना निबंधकाच्या दप्तरात जो इशारा सापडू शकतो, तो इंदूर अथवा हैदराबादच्या बंधूंना सापडेलच असे नाही. त्यांनी न्यायालयाचे दप्तरही शोधले पाहिजे.

खरा धोका पुढेच आहे. पैसे हाती पडल्यावर विक्रेत्याला दाव्याविषयी आस्था उरत नाही. तारखेला कोणी हजर राहत नाही, साक्षीदार आणले जात नाहीत, आणि हुकूमनामा होतो तो खरेदीदाराच्या उरावर. बजावणीच्या वेळी त्याने आडकाठी करावी, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम १०२ ने तीही वाट बंद केली आहे.

म्हणून वेळीच पक्षकार होणे अगत्याचे. आदेश २२, नियम १० प्रमाणे दावा चालू असता ज्याच्याकडे हितसंबंध आला, त्याला न्यायालयाच्या परवानगीने दावा पुढे चालविता येतो; आणि आदेश १, नियम १० अन्वये ज्याच्या उपस्थितीवाचून वादाचा पूर्ण निर्णय होणे कठीण, अशास न्यायालय कोणत्याही टप्प्यावर सामील करून घेऊ शकते. परवानगी हा हक्क नव्हे. ती न्यायालयाच्या विवेकाधीन आहे. अर्जास उशीर झाला, किंवा त्यामागे केवळ दावा लांबविण्याचा हेतू दिसला, तर नकार मिळतो.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा ‘थॉमसन प्रेस विरुद्ध नानक बिल्डर्स’ हा निर्णय या संदर्भात मननीय आहे. दिल्लीतील पृथ्वीराज रोडवरील एका मिळकतीच्या विक्रीचा करार १९८६ साली झाला होता. तो पुरा करून मिळावा म्हणून १९९१ साली दावा लागला. मिळकत विकणार नाही, अशी हमी मालकांच्या वतीने न्यायालयात दिली गेली. तरीही ती पुढे तिसऱ्यास विकली गेली. या खरेदीदाराला प्रामाणिक व अनभिज्ञ मानण्यास न्यायालय तयार झाले नाही. तरी त्याला प्रतिवादी म्हणून सामील करून घेतले, कारण मालकी आता त्याच्या हाती आलेली होती. आम्हांस हा निर्णय रास्त वाटतो. वादी जिंकला तर खरेदीखतावर मूळ मालकासह या नव्या खरेदीदाराचीही सही हवी, हे १९५३ च्या ‘दुर्गाप्रसाद विरुद्ध दीपचंद’ या निर्णयापासून मान्य झालेले तत्त्व आहे.

पण सामील होणे म्हणजे नवा दावा मिळणे नव्हे. विक्रेत्याने कैफियतीत जे कबूल केले, ते खरेदीदारास सहसा पुसता येत नाही. दावा ज्या टप्प्यावर असेल तेथूनच त्याने तो उचलावयाचा. यासाठी खरेदीखताच्या नोंदलेल्या प्रतीसह अर्ज पुरावा सुरू होण्यापूर्वी दाखल करावा, आणि जागा गमवावी लागल्यास विक्रेत्याने किंमत व खर्च परत करावा, ही अट मुळातच खरेदीखतात लिहून घ्यावी. विक्रेता ती लिहून देण्यास कांकूं करू लागला, तर बयाणा खिशातच ठेवावा.