पाण्यातून बाहेर आल्यावरचं धावणं

बायथलेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी तुझी निवड झाल्याचं कळलं आणि खूप आनंद झाला गं. पाठोपाठ तुझ्या घरात आता काय काय बोलणं चाललं असेल तेही डोळ्यांपुढे आलं. म्हणून जरा निवांत बोलू या. आईबाबांसमोर बोलता येत नाही असंही थोडं आहे यात.

आधी खेळाचं. बर्फावर स्की आणि पाठीला रायफल, ती बायथलॉन वेगळी. तुझी बायथले म्हणजे धाव, पोह, पुन्हा धाव. मॉडर्न पेंटॅथलॉनच्या घरातला खेळ हा. १९४८ साली स्थापन झालेली यूआयपीएम ही जागतिक संघटना त्याची जागतिक स्पर्धा भरवते. २०१८ ला ती इजिप्तच्या हुरघाडाला झाली, २०२३ ला बालीत. मोठ्यांचं जुनं अंतर १५०० मीटर धावणं, २०० मीटर पोहणं, परत १५०० मीटर धावणं असं आहे, लहान वयोगटांना कमी. तुझ्या गटाचं नेमकं अंतर यंदाच्या नियमपत्रकातून लिहून घे आणि त्याच मापाने सराव कर.

धावणं तुला जमतं. तुमच्या इथल्या खात रोडला पहाटे पोलीस भरतीच्या मुली ८०० मीटरची तयारी करतात, त्यांच्यासोबत तू घामाघूम होतेस. पण त्यांची धाव तिथे संपते, तुझी नाही. पहिल्या फेरीत सगळा दम काढलास तर पाण्यात श्वास सापडणार नाही. आणि खरी गोष्ट पुढेच आहे, पाण्यातून बाहेर येताना. इतका वेळ शरीर आडवं होतं, काम हातांनी केलं. एकदम उभं राहिलं की डोकं हलकं होतं आणि पोटऱ्या दगडासारख्या जड लागतात. मुली हरतात त्या इथे. म्हणून पोहण्याचा सराव वेगळा आणि धावण्याचा वेगळा असं करून भागत नाही. आठवड्यातून दोनदा तरी पाण्यातून निघून थेट धाव. सुरुवातीला १०० मीटर पोहून ४०० मीटर धावलीस तरी चालेल, मधे टॉवेल नाही आणि गप्पाही नाहीत. पोहण्याच्या शेवटच्या पंचवीसेक मीटरमध्ये पाय जोरात मार, म्हणजे ते जागे होतात. बुटांना लवचीक नाडी लाव, ओल्या पायाने ते झटक्यात चढले पाहिजेत.

आता वैनगंगा. तू नदीकाठची, पाण्याची भीती नाही, हे मोठं भांडवल आहे. पण नदीत एकटी उतरू नकोस. रेती उपसलेल्या जागी खड्डे असतात, कमरेएवढ्या पाण्यातून एका पावलात डोक्यावर पाणी येतं. आपल्या मालगुजारी तलावांत वेली आणि गाळ पायाला धरतात. शिवाय नदीत आपण डोकं वर काढून पोहतो, त्याने कंबर खाली बुडते आणि वेग जातो. डोकं पाण्यात ठेवून, कुशीवर वळून श्वास घेणं मोजलेल्या तलावातच शिकता येतं. त्यासाठी काही महिने नागपूरच्या साठेक किलोमीटरच्या फेऱ्या कराव्या लागल्या तर कर. स्पर्धा समुद्रात असेल तर मात्र नदीची सवय कामी येते. लाटेत दर काही हातांनी डोळे वर काढून खुणेचा फुगा शोधावा लागतो, आणि तलावात शिकलेल्या मुली तिथेच भरकटतात.

आता तब्येत. हे गंभीरपणे ऐक. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. जी नुसती वाहक असते तिला रोजच्या जगण्यात काहीच जाणवत नाही. पण उन्हात, पाणी न पिता, जिवाच्या आकांताने धावताना तिची तब्येत अचानक कोसळू शकते. सरकारी दवाखान्यात तपासणी होते. सोबत हिमोग्लोबिनही करून घे. वाहक निघालीस तरी खेळ सुटत नाही. फक्त प्रशिक्षकांना सांगायचं, पाणी पीत राहायचं, आणि मे महिन्यात सकाळी सातनंतर मैदानावर थांबायचं नाही. कुणी ‘मनाने कच्ची’ म्हणेल. म्हणू दे.

पाळीचं कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. पाळीत पोहता येतं. पॅड पाण्यात निरुपयोगी, कप किंवा टॅम्पॉन लागतो, आणि त्याची सवय स्पर्धेच्या दिवशी नाही, दोन-तीन महिने आधी करायची. पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नकोस, डॉक्टरांना विचार. सर्दीच्या काही गोळ्यांतली औषधंसुद्धा स्पर्धेच्या काळात बंदी यादीत असतात, तेव्हा कुठलीच गोळी न विचारता नको. सराव वाढल्यावर तीन महिने पाळीच आली नाही, तर ‘बरं झालं, कटकट गेली’ असं समजू नकोस. बहुधा खाणं कमी पडतंय, शरीर तेच सांगतंय.

राहिले पैसे आणि कागद. ‘आंतरराष्ट्रीय’ एवढा एकच शब्द ऐकून घरचे वर्गणी गोळा करायला निघतात, एखादा बाप धान विकून पैसे भरतो. कमी माहितीच्या खेळांत बरेचदा खर्च खेळाडूलाच करावा लागतो, त्यात लाज नाही. पण फी घेऊन परदेशात नेणाऱ्या आणि पदकं वाटणाऱ्या खासगी स्पर्धाही निघतात, आणि त्यांचं प्रमाणपत्र पुढे कुठेच चालत नाही. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण मागायला गेलीस की प्रमाणपत्राची पडताळणी होते. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात उघडकीला आल्यापासून ती कडक आहे. तेव्हा एक रुपया भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा. तुला निवडणारी संघटना मान्यताप्राप्त आहे का, ही स्पर्धा यूआयपीएमच्या वेळापत्रकात आहे का, निवड कुठल्या राष्ट्रीय स्पर्धेतून झाली, हे विचार. जो माणूस ‘आज रात्रीपर्यंत भरा, नाहीतर जागा जाईल’ म्हणतो, त्याला लेखी पत्र माग. पथकासोबत महिला व्यवस्थापक कोण आहे आणि खोलीत कोण कोण राहणार, हेही थेट विचारायचं. त्याला उद्धटपणा म्हणत नाहीत.

पासपोर्टला जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव एकसारखं लागतं. एका अक्षराच्या फरकाने महिने जातात, म्हणून दुरुस्तीचं काम याच आठवड्यात काढ.

आणि निवडपत्र खोटं निघालं तर नाही म्हणायचं. वर्ष वाया जात नाही त्याने. राज्य स्पर्धा आहे, राष्ट्रीय आहे, आणि तुझ्या घड्याळातली वेळ कमी होत गेली तर पुढच्या संघात तुला कुणालाही पैसे न देता घ्यावंच लागेल. पोहण्याच्या कपड्यांवरून मोठ्या आईची जी कुरकुर चालली आहे, त्याबद्दल तिच्याशी मी रविवारी येऊन बोलते. तोवर त्या निवडपत्राच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून मला पाठव.