पाटीआधी हात

रेवदंडा,
जूनचा पहिला आठवडा

चि. बाय हिस,


अंगणवाडी सेविका म्हणून तुझ्या नेमणुकीचा आदेश आला, हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं. आनंद झाला. ज्या गावात सून म्हणून गेलीस त्याच गावची पोरं तुझ्या हाती आली, हे सोयीचंही आहे आणि अवघडही. घरं ओळखीची आहेत ही सोय. अवघड असं, की तुझ्याच जावा-नणंदा महिन्याभरात दारात येऊन विचारतील, "गो, आमचा पोरगा अजून एबीसीडी लिहीत कसा नाय?" रजिस्टरं, वजनकाटा, आहार, पोषण ट्रॅकर हे सगळं पर्यवेक्षिका शिकवतील. या एका प्रश्नाचं उत्तर मात्र तुझं तुलाच द्यावं लागेल. सेविका म्हणून मीही ते आयुष्यभर दिलं आहे, म्हणून हे लांबलचक पत्र.

मुख्य गोष्ट आधी सांगते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या हातात आधी वस्तू यावी, मग त्या वस्तूचा शब्द तोंडी यावा, आणि अक्षर किंवा आकडा सगळ्यात शेवटी. हा क्रम कुणाच्याही आग्रहाखातर उलटा करू नकोस.

हे माझ्या पदरचं नाही. मारिया माँटेसोरी या डॉक्टर बाईंनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीत बालगृह उघडलं, तेव्हा मुलं हातांनी शिकतात हे जगाला दिसलं. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला ते काम उभं केलं आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ सुरू झाला. पण माँटेसोरीचं लाकडी साहित्य महाग. ते शहरातल्या मुलांनाच परवडायचं. म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. बोर्डीही आपल्यासारखंच किनाऱ्यावरचं गाव, तेव्हा ठाणे जिल्ह्यातलं, आता पालघरमधलं. तिथे त्यांनी शंख-शिंपले, पानं, बिया, माती असं गावातच मिळणारं साहित्य वापरात आणलं. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हेच काम वाढलं. गुरं राखणाऱ्या मुलांकरता कुरणशाळाही निघाली. सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना आली ती २ ऑक्टोबर १९७५ ला. म्हणजे तुझ्या केंद्रावर जी पाटी आहे, तिच्यामागे या दोन बायकांची जवळजवळ तीस वर्षांची मेहनत आहे. खेळण्यांचा संच आला नाही म्हणून तू अडून बसू नयेस, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आता आपल्या किनाऱ्यावर वर्षभर काय काय करता येईल, ते ऋतूप्रमाणे लिहिते.

जून-जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, बापे माणसं घरी जाळी दुरुस्त करत बसलेली. एखाद्या आजोबांना जाळं घेऊन केंद्रात बोलव. त्यांची बोटं गाठ कशी मारतात ते मुलं डोळे फाडून बघतील. मग पोरांच्या हाती जाड दोरा आणि मोठ्या भोकाचे मणी दे. ओवण्यात डोळा आणि बोट एकत्र चालायला शिकतात. पेन्सिल धरण्याची तयारी तिथे होते. याच दिवसांत पाण्याचे खेळ घे. एक तांब्या भरायला किती करवंट्या लागतात? उंच बाटलीतलं पाणी पसरट ताटलीत ओतलं तर कमी झालं का? चार वर्षांचं मूल ठामपणे म्हणेल, उंच बाटलीत जास्त आहे. "चुकलास" म्हणू नकोस. पाणी परत बाटलीत ओतायला सांग आणि गप्प राहा. हे कोडं त्याला दोन-तीन वर्षांनी आपोआप सुटतं. सांगून सुटत नाही.

नारळी पौर्णिमेच्या आसपास नारळ घे. सोललेला आणि न सोललेला, कुठला जड? मोठ्या घमेल्यात पाणी घेऊन करवंटी, दगड, सुपारी, सुरूचं फळ, किल्ली एकेक टाकायची. टाकण्याआधी प्रत्येकाने सांगायचं, तरेल की बुडेल. बरोबर कोण आलं याला महत्त्व नाही. आधी अंदाज करायचा आणि मग बघायचं, ही सवय लागली की पुरे.

दिवाळीनंतर किनारा शांत होतो. तू आणि मदतनीस ओहोटीला जाऊन टोपलीभर रिकामे शिंपले आणा. आत जीव असलेलं काही उचलू नका. धुऊन, उकळून, उन्हात वाळवून, धारेचे तुकडे बाजूला काढून मगच मुलांपुढे ओता. पहिल्या दिवशी काहीच सांगू नकोस. कुणी रंगाने वेगळे करेल, कुणी खरखरीत आणि गुळगुळीत असे. एखादी पोर "हे आईचे, हे बाळाचे" असे ढीग लावेल. तीही वर्गवारीच. नंतर लहानापासून मोठ्यापर्यंत रांग, मग एक शिंपला-एक सुरूचं फळ-एक शिंपला अशी माळ, मग प्रत्येक मुलापुढे एकेक शिंपला ठेवणं. शेवटचा खेळ साधा दिसतो, पण एकास एक लावता येणं म्हणजेच मोजता येणं. शंभरपर्यंत घोकणाऱ्या मुलाला "मला सात शिंपले दे" म्हणून बघ. बऱ्याचदा ते मूठभर उचलून देतं.

किनाऱ्यावरची बारीक वाळू धुऊन ताटात पसर. त्यात बोटाने रेघा, गोल, लाटा काढू देत. पाच वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी पुठ्ठ्यावर डिंकाने अक्षर काढून त्यावर वाळू भुरभुराव. वाळली की मूल त्या खरखरीत अक्षरावरून बोट फिरवेल. माँटेसोरींची खरकागदाची अक्षरं ती हीच, आपल्याकडे फुकट मिळणारी.

माघ-फाल्गुनात पांढऱ्या कांद्याच्या वेण्या आणि बोंबील वाळवायच्या वलांड्या. मुलांना रांगेने वलांडीपाशी ने. बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीने टांगतात. "एक जोडी, दोन जोड्या" तिथे जेवढं पक्कं होतं, तेवढं तक्त्यावरून कधीच होत नाही. मासळी निवडणाऱ्या आयांनाही विचार: जवळा, मांदेली, कोळंबी डोळे मिटून वेगळी करणारी बाई निवडीचा पाठ तुझ्याहून चांगला देईल. तिला दहा मिनिटं केंद्रात आण. आपल्या आईला काहीतरी येतं, हे मुलाने सगळ्यांसमोर पाहणं फार मोठं असतं.

आता तुझ्या वागण्याबद्दल.

एका वेळी एकच नवीन वस्तू दे. पाच-सहा मुलांचा गट कर, उरलेल्यांना मदतनीस गाण्यात किंवा बाहुलीच्या कोपऱ्यात रमवेल. एकच खेळ मूल आठवडाभर खेळलं तर खेळू दे. तू कंटाळलीस म्हणून बदलू नकोस. प्रश्न विचारताना "हा कोणता रंग?" यापेक्षा "हा इथे का ठेवलास?" असं विचार, आणि उत्तर येईपर्यंत थांब. थांबणं हे आपल्या कामातलं सगळ्यात कठीण काम. मुलाचं बटण अर्धवट लागलेलं दिसलं की आपला हात आपोआप पुढे जातो. तो मागे घे.

भिंतीवर तपासणीसाठी बाईंनी कातरलेले एकसारखे वीस मासे लावायची रीत तुला जागोजागी दिसेल. तू लावू नकोस. तीन शेपट्यांचा मासा मुलाने स्वतः फाडून चिकटवला असेल, तर तोच लाव, खाली त्याचं नाव लिही, आणि कुणी विचारलं तर सांग की हा त्याने केला आहे.

सावधपणाही हवा. वयाने लहान मुलं वस्तू तोंडात, नाकात घालतात. चिंचोके, वाटाणे, बारीक मणी त्यांच्यापुढे नकोत, आणि मोठ्यांना देतानाही मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे. लालचुटूक गुंज दिसायला सुंदर पण बी विषारी. एरंडाचं बीही तसंच. फुलं गोळा करायला पाठवशील तेव्हा कण्हेर वगळ. पाण्याच्या घमेल्यापाशी मोठं माणूस हवंच. आणि समुद्राच्या पाण्यात मुलांना कधीही नाही, घोट्याएवढ्यासुद्धा नाही.

आणखी एक. तुझ्याकडे सगळी मुलं एका बोलीची नसतील. कोर्लईत किल्ल्याखालच्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजमधून आलेली बोली आजही बोलतात, तुला ठाऊकच आहे. आगरी, कोळी घरातलं मूल "जवला" म्हणेल. कातकरी मूल पहिले काही दिवस काहीच बोलणार नाही. घरच्या शब्दाला हसू नकोस, दुरुस्तही करू नकोस. तो घे आणि त्याच्या शेजारी आपला शब्द ठेव. हातांच्या खेळाचा मोठा फायदा इथेच होतो, कारण शिंपले लावायला भाषा लागत नाही. खेकडा कुठल्या बिळात आहे हे कातकरी मुलाला बाकी सगळ्यांच्या आधी कळतं. ते त्याला दाखवू दे, मग ते बोलेलही. दिवाळीनंतर त्यांचे आईबाप वीटभट्टीवर निघाले की पोरंही जातात. जाण्याआधी घरी जाऊन ये, आणि परत येतील तेव्हा नाव पटावर तसंच असू दे. ताराबाई अंगणात गेल्या, त्या अशाच मुलांसाठी.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे. शेजारच्या गावात गाडी येते, टाय लावून पोरं मिनी केजीत जातात, चार वर्षांची पोर चार ओळींत एबीसीडी लिहिते. आयांना ते दिसतं. त्यांची काळजी खोटी नाही. त्यांच्याशी वाद घालू नकोस. सांग, की या वयात मनगटातली छोटी हाडं अजून पुरती घडलेली नसतात. बोटांत जोर यायच्या आत लिहायला बसवणं म्हणजे जाळं विणून व्हायच्या आत होडी पाण्यात घालणं. पिठाचा गोळा मळणं, मणी ओवणं, कपडे पिळणं, शेंगा सोलणं, यानेच हात लिहिता होतो. हेही सांग, की २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा एकत्र धरून त्यात खेळातून, कृतीतून शिकण्यावर भर दिला आहे. म्हणजे हे काही गरिबांच्या अंगणवाडीचं दुय्यम शिक्षण नव्हे.

तेवढ्यानेही पटलं नाही, तर आयांनाच महिन्यातून एकदा सकाळी केंद्रात बसव. बोलू नका, फक्त आपलं मूल काय करतंय ते बघा, अशी अट घाल. लेक शिंपल्यांची रांग तीनदा मोडून चौथ्यांदा बरोबर लावते, हे एकदा पाहिलेली आई पुन्हा एबीसीडीचं विचारताना थोडी थांबते.

मानधन कमी आहे, कामं फार आहेत, आणि वेळेवर काही येत नाही. ते मी तुला खोटं सांगणार नाही. त्यासाठी संघटनेत जा, भांड, हक्काचं माग. पण रोजचा एक तास मुलांच्या हातांसाठी राखून ठेव, आणि कुठल्याही रजिस्टरला तो खाऊ देऊ नकोस. पहिले सहा महिने पाट्या कपाटातच राहू देत. सहा वर्षांचं मूल शाळेत जाताना अक्षरं कमी घेऊन गेलं तरी चालेल. ती पहिलीत मिळतात. बघायची, विचारायची आणि स्वतःच्या हाताने करून बघायची सवय मात्र तू नाही लावलीस, तर पुढे लावायला सवड असलेलं कुणी त्याला भेटेलच असं नाही.

तुझी,
मावशी