खंडित शिक्षणाची अखंड परंपरा
(सेवेत राहून शिक्षणशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास : एक विचार)

शिक्षक शिकवतो, हे सर्वांना मान्य आहे. शिक्षकाने आयुष्यभर शिकतही राहावे, हे तोंडाने मान्य असले तरी व्यवहारात क्वचितच उतरते. बी.एड. झाले, नेमणूक मिळाली, वैयक्तिक मान्यता आली की शिक्षकाचे स्वतःचे शिक्षण संपले, अशी समाजाची आणि पुष्कळदा शिक्षकाचीही समजूत असते. तरीही जळगाव-धुळे परिसरातील आम्ही काही शिक्षक नोकरी सांभाळून, मुक्त किंवा ऑनलाइन पद्धतीने शिक्षणशास्त्रात एम.ए. करण्याच्या वाटेला लागलो आहोत. त्यांत पन्नाशी ओलांडलेलेही आहेत. आम्हांला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "सर, या वयात पदवी घेऊन पगार किती वाढणार?" दुसरा, "घरबसल्या मिळालेल्या पदवीला किंमत ती काय?" स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर या दोन प्रश्नांचा विचार मांडावा, असे आम्हांस वाटते.

खंड आणि पुनरारंभ

आम्ही मूळचे इतिहासाचे विद्यार्थी. म्हणून प्रथम इतिहासाकडे वळतो. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व कष्टकरी यांच्यासाठी रात्रशाळा सुरू केली. दिवसा ज्याला पोटासाठी राबावे लागते त्याच्या सवडीनुसार शाळेने आपली वेळ बदलावी, हा विचार या एका कृतीत सामावलेला आहे. अर्धवेळ शिक्षणाचे तत्त्व आपल्याकडे तेव्हापासूनच रुजले आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे शिक्षणही सलग झालेले नाही, हे आपण पुष्कळदा विसरतो. १९१६ साली त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये प्रवेश घेतला. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मात्र त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. त्या पगारातून काटकसरीने साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढ्या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या. बॅरिस्टरीही याच दुसऱ्या मुक्कामात पूर्ण झाली.

धुळेकरांना या घटनेचा एक धागा आपल्या मातीतही सापडतो. १९३७ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यास आले आणि लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगल्यात त्यांनी मुक्काम केला. दरवर्षी ३१ जुलैला आपण तेथे अभिवादनासाठी जमतो. ज्या बॅरिस्टरीच्या अधिकाराने ते त्या खटल्यासाठी उभे राहिले, ती मध्ये खंड पडलेल्या, शिक्षकाच्या पगारातून पुन्हा सुरू केलेल्या अभ्यासातून मिळालेली होती. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तेथील वर्ग सकाळी भरत असत. स्वतः अनुभवलेली अडचण बाबासाहेबांनी संस्थेच्या वेळापत्रकातच सोडवली, असे म्हणावे लागेल.

आपल्या समाजातील पहिल्या-दुसऱ्या पिढीचे शिक्षण पाहिले, तर ते असेच तुटक दिसते. दहावीनंतर गिरणीत, नंतर रात्रशाळेत, डी.एड. नंतर नोकरी, मग बाहेरून बी.ए. म्हणून "बाहेरून केलेली पदवी" हा शब्दप्रयोग आम्हांला हिणवणारा वाटत नाही. ज्यांना शिक्षणाचा राजमार्ग बंद होता, त्यांची ती चालती वाट होती.

मुक्त शिक्षणाची वाटचाल

या वाटेला संस्थात्मक रूप हळूहळू मिळत गेले. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबाद येथे सुरू झाले आणि आज ते डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. हे नाव अगदी सार्थ आहे. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ अस्तित्वात आले. "ज्ञानगंगा घरोघरी" हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद खानदेशातील गावोगावच्या अभ्यासकेंद्रांमुळे लोकांच्या परिचयाचे झाले. राम ताकवले हे या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू.

दुसऱ्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर येथेच देऊन टाकू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार आणि २०२२ साली केलेल्या खुलाशानुसार, मान्यताप्राप्त संस्थेने मुक्त, दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने दिलेली पदवी नेहमीच्या पद्धतीने मिळालेल्या पदवीशी समकक्ष मानली जाते. येथे "मान्यताप्राप्त" हा शब्द महत्त्वाचा आहे.

प्रवेशापूर्वी

प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या शिक्षकांसाठी चार गोष्टी नोंदवतो.

एक, ज्या संस्थेत आणि ज्या सत्रासाठी प्रवेश घ्यायचा, त्या अभ्यासक्रमाला आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाची मान्यता आहे का, हे आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे. दलालाच्या किंवा जाहिरातीच्या शब्दावर विसंबू नये.

दोन, एम.एड. आणि एम.ए. (शिक्षणशास्त्र) यांत फरक आहे. एम.एड. ही व्यावसायिक पदवी असून तिला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता लागते. एम.ए. (शिक्षणशास्त्र) ही विद्याशाखीय पदवी आहे. शिक्षक म्हणून नेमणुकीसाठी लागणाऱ्या बी.एड.ची जागा ती घेत नाही.

तीन, सेवेत असताना प्रवेशापूर्वी संस्थेची लेखी परवानगी घ्यावी आणि उत्तीर्ण झाल्यावर सेवापुस्तकात नोंद करून घ्यावी.

चार, पगारवाढीच्या आशेने हा अभ्यास सुरू करू नये. वेतनश्रेणीचे नियम वेगळे असतात. पहिल्या प्रश्नाचे आमचे उत्तर हेच आहे. वाढणार आहे ती समज, आणि ती कशी वाढते हे पुढे सांगतो.

वेळेचे गणित

मुक्त विद्यापीठांत एक श्रेयांक म्हणजे सर्वसाधारणपणे तीस तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांच्या एका विषयाला १२० तास लागतात. एका सत्रात असे चार विषय घेतले, तर ४८० तास झाले. सत्राचे २४ आठवडे धरले, तर आठवड्याला वीस तास, म्हणजे रोज सुमारे तीन तास पडतात. निवासी शाळेच्या शिक्षकाला पहाटेची प्रार्थना, दिवसभराच्या तासिका, संध्याकाळचा अभ्यासवर्ग आणि वसतिगृहाची रात्रीची फेरी सांभाळून हे तीन तास काढायचे असतात. निवडणुकीचे काम, प्रशिक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे वेगळेच. म्हणूनच इग्नूसारख्या विद्यापीठाने एम.ए. (शिक्षणशास्त्र) पूर्ण करण्यास किमान दोन व कमाल चार वर्षांची मुदत ठेवली आहे. घाई न करता ही मुदत वापरणे शहाणपणाचे. चार वर्षांची सवलत बाबासाहेबांनाही लागली होती, हे ध्यानात असू द्यावे.

शिक्षिकांच्या बाबतीत हे गणित अधिक कठीण होते. पुरुष शिक्षकाचे तीन तास बहुधा विश्रांतीतून येतात, शिक्षिकेचे झोपेतून येतात, कारण घरचा स्वयंपाक आणि आजारपण तिच्याच वाट्याला असते. घरात एक बाई शिकत असेल, तर तिचे कोणते काम कोणी उचलायचे हे कुटुंबाने बसून ठरवले पाहिजे. तोंडी कौतुकाने अभ्यासाला वेळ मिळत नाही.

ऑनलाइन पद्धतीने एक मोठी सोय झाली. पूर्वी पारोळा-एरंडोलच्या शिक्षकाला संपर्कसत्रासाठी रविवार एस.टी.त घालवावा लागे. आता व्याख्यान मोबाइलवर ऐकता येते, थांबवता येते, पुन्हा ऐकता येते. २०१७ साली सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या "स्वयम्" मंचावर शिक्षणशास्त्राची व्याख्यानेही विनामूल्य ऐकता येतात. परंतु शंका विचारल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावरून जे कळते, ते पडद्यावर कळत नाही. यासाठी जवळपासच्या चार-पाच शिक्षकांनी मिळून महिन्यातून एकदा विहारात किंवा शाळेत बसून वाचलेल्या घटकावर चर्चा करावी, असे आम्ही सुचवतो.

अभ्यासातून वर्गात काय येते

या अभ्यासक्रमात शिक्षणाचे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र हे विषय असतात. त्यांतील चार उदाहरणे देतो.

तत्त्वज्ञानात जॉन ड्यूई भेटतात. कोलंबिया विद्यापीठात ते बाबासाहेबांचे शिक्षक होते. त्यांचा "डेमॉक्रसी अँड एज्युकेशन" हा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार बाबासाहेबांच्या १९३६ च्या "जातिसंस्थेचे निर्मूलन" या निबंधातही आढळतो. शाळा म्हणजे एक छोटा समाज, असे ड्यूई मानतात. निवासी शाळेत तर हे अक्षरशः खरे आहे. मग आमच्या वसतिगृहातील मुले कोणता निर्णय स्वतः घेतात? जेवणाची पाळी, ग्रंथालयाची वेळ, भांडणाचा निवाडा यांत त्यांचा शब्द किती असतो? संविधानाची उद्देशिका रोज म्हणवून घेणाऱ्या शाळेने स्वतःला विचारावा असा हा प्रश्न आहे.

शिक्षणाच्या इतिहासात १८८२ चा हंटर आयोग येतो. महात्मा फुल्यांनी त्याला दिलेल्या निवेदनात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी तर आहेच, पण शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो कष्टकरी समाजातून यावा आणि त्याला पोटापुरता पगार मिळावा, हेही त्यांनी मांडले आहे. विनाअनुदानित तुकडीवर राबणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्यांना ते निवेदन आजचे वाटेल.

संख्याशास्त्राची धास्ती सर्वांनाच असते. पण एक साधी गोष्ट पाहा. दोन वर्गांची सरासरी पन्नास गुण आहे. एका वर्गात सगळी मुले पंचेचाळीस ते पंचावन्नच्या दरम्यान आहेत, तर दुसऱ्यात काही दहावर आणि काही नव्वदवर. निकालाच्या तक्त्यावर दोन्ही वर्ग सारखे दिसतात. प्रमाण विचलन काढले की दुसऱ्या वर्गात मागे पडलेली मुले दिसू लागतात. सरासरीखाली झाकली जाणारी मुले बहुधा कोणाची असतात, हे येथील वाचकांस सांगणे न लगे.

चौथे उदाहरण भाषेचे. आमच्या वर्गात अहिराणी, भिल्ली, पावरी बोलणारी मुले येतात. घरी "मन्हा", "तुन्हा" म्हणणारे मूल वर्गात "माझा", "तुझा" म्हणायला अडखळते आणि मग गप्प बसते. त्या मुलाला आम्ही पूर्वापार "मंद" म्हणत आलो. बालमानसशास्त्र सांगते की मूल ज्ञात गोष्टीच्या आधाराने अज्ञाताकडे जाते. अर्थात घरची भाषा ही अडचण नसून पायरी आहे. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि त्यांची गाणी येथल्याच बोलीत आहेत. ज्या बोलीचा विद्यापीठाच्या दारावर सन्मान होतो, तिच्यासाठी पहिलीच्या वर्गात मुलाला ओशाळे व्हावे लागू नये. मुलांच्या बोलीतील शब्द आणि प्रमाण मराठीतील शब्द यांची जोडी लावून सहा आठवड्यांचा उपक्रम करणे, आधी आणि नंतर चाचणी घेणे, निष्कर्ष लिहिणे, याला कृतिसंशोधन म्हणतात. लघुप्रबंधासाठी यापेक्षा चांगला विषय दूर शोधायला नको.

एक इशारा

या वाटेवर एक मोठा धोका आहे. परीक्षेच्या तोंडावर झेरॉक्सच्या दुकानांत तयार गृहपाठ मिळतात, मोबाइलवर आयती उत्तरे फिरतात, लघुप्रबंध लिहून देणारेही भेटतात. आता तर यंत्राला प्रश्न सांगितला की ते उत्तर लिहून देते. पैसे भरून असे गृहपाठ सादर करणारा शिक्षक पदवी मिळवू शकतो. पण "बाहेरून केलेल्या पदवीला किंमत नाही" म्हणणाऱ्यांच्या हाती तो पुरावाही देतो, आणि त्याचा फटका त्याच वाटेने प्रामाणिकपणे चालणाऱ्या पुढच्या मुलामुलींना बसतो. वर्गात कॉपी पकडणाऱ्या हाताने स्वतःचा गृहपाठ स्वतः लिहावा, एवढीच अपेक्षा आहे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी शिष्याची आचार्याप्रती पाच आणि आचार्याची शिष्याप्रती पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शिष्याला विषय नीट ग्रहण होईल असे शिकवणे हे त्यांतील एक. जे स्वतः ग्रहण केले नाही, ते दुसऱ्याला कसे ग्रहण करवणार?

समारोप

मुक्त शिक्षण ही आपल्या समाजाला मिळालेली सवलत नसून आपल्याच पूर्वजांनी घडवलेली परंपरा आहे. तिचा मान पदवीच्या कागदाने टिकत नाही, अभ्यासाने टिकतो. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना आमचे आवाहन आहे की, ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले असेल, त्यांनी ते पुन्हा हाती घ्यावे. जे स्थिरस्थावर झाले आहेत, त्यांनी शाळेच्या ग्रंथालयात शिक्षणशास्त्राची पुस्तके आणि शिकणाऱ्या शिक्षकांसाठी एक संगणक व इंटरनेटची खोली यांची सोय करावी. पालकांनी आपल्या मुलाच्या शिक्षकाला एवढेच विचारावे : "गुरुजी, सध्या तुम्ही काय शिकत आहात?" हा प्रश्न वारंवार विचारला जाऊ लागला, तर आमच्यातील अनेकांना पुन्हा वही उघडावी लागेल.

जय भीम! नमो बुद्धाय!