घंटांचा सण

(बल्गेरिया हा युरोप खंडातील एक देश आहे. तेथील खेड्यांतील लोक भर हिवाळ्यात केसाळ कातडी पांघरून, मुखवटे चढवून आणि कमरेला घंटा बांधून गावभर नाचतात. या जुन्या प्रथेची माहिती या पाठात दिली आहे. ही प्रथा का सुरू झाली आणि आजही लोक ती का जपतात, हे पाठ वाचून समजून घ्या.)

मुलांनो, जगाचा नकाशा उघडा. तुर्कस्तानच्या वायव्येला, काळ्या समुद्राच्या काठी तुम्हांला बल्गेरिया हा देश दिसेल. सोफिया ही त्याची राजधानी. या देशाच्या मधून बाल्कन पर्वताची लांबच लांब रांग गेली आहे. हिवाळ्यात येथील डोंगराळ भागात खूप बर्फ पडतो. शेते बर्फाखाली झाकली जातात. दिवस लहान होतात आणि रात्री संपता संपत नाहीत.

आता जुन्या काळातील एखाद्या खेड्याची कल्पना करा. विजेचे दिवे नाहीत. गुरे गोठ्यात बांधलेली आहेत. घरातील धान्य रोज थोडे थोडे कमी होत आहे. शरद ऋतूत पेरलेला गहू बर्फाखाली आहे. तो नीट वाढेल की नाही, हे कोणालाच ठाऊक नाही. अशा वेळी माणसांच्या मनात भीती दाटून आली, तर त्यात नवल काय? नाताळपासून ६ जानेवारीपर्यंतचे दिवस बल्गेरियन लोक अपवित्र मानत. त्या दिवसांत ‘काराकोंजुल’ नावाचे भूत अंधारात हिंडते, अशी त्यांची समजूत होती. म्हणून रात्री घराबाहेर पडणे लोक टाळत.

पण दार लावून किती दिवस बसणार? गावकऱ्यांनी एक उपाय शोधून काढला. भुताला पळवून लावायचे, तर आपण त्याच्याहून भयंकर दिसायचे आणि त्याच्याहून मोठा आवाज करायचा! या विचारातूनच सोंगे आणण्याची ही प्रथा बळावली.

हे सोंग कसे असते, ते पाहू या. सोंग घेणारा माणूस शेळी-मेंढीचे केसाळ कातडे अंगभर पांघरतो. काही गावांत चिंध्यांचा रंगीबेरंगी पोशाख करतात. तोंडावर मुखवटा असतो. तो लाकूड, कातडे, शिंगे आणि पक्ष्यांची पिसे यांपासून तयार करतात. काही मुखवट्यांना दोन तोंडे असतात. एक तोंड हसरे, तर दुसरे उग्र. जगात चांगले आणि वाईट दोन्ही असते, असेच जणू तो मुखवटा सांगतो. मुखवट्यांच्या रंगांनाही अर्थ आहे. तांबडा रंग सूर्य व अग्नीचा, काळा रंग धरणीमातेचा आणि पांढरा रंग पाणी व प्रकाशाचा मानतात.

मात्र खरे महत्त्व असते ते कमरेच्या घंटांना. काही घंटा धातूचा पत्रा ठोकून बनवलेल्या असतात. त्यांचा आवाज घोगरा असतो. काही ओतीव असतात. त्यांचा नाद स्वच्छ असतो. एकाच माणसाच्या अंगावर कधी कधी तीस किलोंहून अधिक वजनाच्या घंटा असतात. एवढे ओझे घेऊन बर्फातून चालणे आणि उड्या मारणे हे काही येऱ्यागबाळ्याचे काम नव्हे! शंभरएक माणसे एका तालावर उड्या मारू लागली, की डोंगर दणाणून जातो. समोरच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही.

या सोंगांना सगळीकडे एकच नाव नाही. आग्नेय बल्गेरियात त्यांना ‘कुकेरी’ म्हणतात. पश्चिमेकडे पेर्निकच्या परिसरात ते ‘सुरवाकारी’ होतात. रझलोगच्या भागात त्यांना ‘बाबुगेरी’ किंवा ‘चाऊशी’ म्हणतात. मुलांनो, ‘चाऊश’ हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटला ना? मराठवाड्यात हे आडनाव आढळते. निजामाच्या राज्यातील अरब शिपायांना चाऊश म्हणत. हा शब्द मूळचा तुर्की. बल्गेरियावर सुमारे पाचशे वर्षे उस्मानी तुर्कांचे राज्य होते. त्या काळात तो तिकडे पोचला आणि दुसऱ्या वाटेने आपल्याकडेही आला. शब्द किती लांबचा प्रवास करतात पाहा!

पेर्निकच्या परिसरातील खेड्यांत हा सण १३ व १४ जानेवारीला असतो. हे जुन्या पंचांगाप्रमाणे नवे वर्ष होय. बल्गेरियाने १९१६ साली नवे पंचांग स्वीकारले, तेव्हा तारखा तेरा दिवसांनी पुढे सरकल्या. राज्यकारभार नव्या तारखांनी चालू लागला. पण खेड्यांनी आपला सण जुन्या दिवशीच ठेवला.

तेराच्या रात्री गावाच्या मध्यभागी मोठ्या शेकोट्या पेटतात. सोंगे त्यांच्याभोवती उड्या मारतात आणि पाहणाऱ्यांची थट्टामस्करी करतात. या सोंगांत एक म्होरक्या असतो. नवरा-नवरी असतात, धर्मगुरू असतो आणि अस्वलही असते. पूर्वी सोंगे फक्त पुरुषच घेत. त्यामुळे नवरीही पुरुषच होई. दुसऱ्या दिवशी सकाळी ही मंडळी घरोघर जातात. अस्वलाचे सोंग घेतलेला माणूस लोकांना हळूच लोळवतो. त्याने लोळवले, की वर्षभर तब्येत चांगली राहते, असे मानतात. घरची माणसे पाहुण्यांना जेवू घालतात व भेटवस्तू देतात. या वस्तू कोणी घरी नेत नाही. त्या पुष्कळदा अनाथ व गरीब लोकांना दिल्या जातात.

आग्नेय भागातील कुकेरी मात्र हिवाळा सरत आला की निघतात. ईस्टरच्या आधी सात आठवड्यांचा मोठा उपवास असतो. तो सुरू होण्याच्या सुमारास हा सण येतो. उपवासापूर्वीच्या रविवारी धाकटी माणसे थोरांची क्षमा मागतात. कुकेरींचा प्रमुख चौकात नांगर चालवण्याचा आणि धान्य पेरण्याचा विधी करतो. नाचणारे जितकी उंच उडी मारतील, तितका गहू उंच वाढेल, अशी श्रद्धा आहे. म्हणजे भूत पळवणे हे अर्धेच काम. पीक चांगले यावे, हा त्याचा दुसरा हेतू.

लहान मुलांचाही या दिवसांत वाटा असतो. १ जानेवारीला मुले ‘सुरवाचका’ म्हणजे सजवलेली काठी घेऊन निघतात आणि वडीलधाऱ्यांच्या पाठीवर हलकेच मारतात. मारताना ‘निरोगी राहा’ अशा शुभेच्छा देतात. बदल्यात त्यांना खाऊ आणि नाणी मिळतात. मोठ्यांच्या पाठीवर मारून वर खाऊ मिळवण्याची अशी संधी कोणाला नको असेल?

ही प्रथा किती जुनी आहे? बल्गेरियाच्या भूमीवर फार प्राचीन काळी थ्रेसियन लोक राहत. त्यांच्या उत्सवांतून ही सोंगे आली असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे राज्ये बदलली, धर्म बदलला, पंचांगही बदलले. पण घंटा वाजतच राहिल्या.

तरीही आज या प्रथेपुढे एक संकट उभे आहे. ते भुताचे नाही, तर ओस पडत चाललेल्या गावांचे आहे. १९८५ च्या जनगणनेत बल्गेरियाची लोकसंख्या सुमारे ८९ लाख होती. २०२१ मध्ये ती सुमारे ६५ लाखच भरली. अनेक तरुण कामधंद्यासाठी परदेशी गेले. खेड्यांत म्हातारी माणसे उरली. तीस किलोंच्या घंटा कमरेला बांधणार कोण?

लोकांनी यावरही उपाय शोधले. पूर्वी फक्त पुरुषांचा असलेला हा सण आता स्त्रिया आणि मुलेही साजरा करतात. पेर्निक शहरात १९६६ पासून जानेवारीच्या अखेरीस ‘सुरवा’ नावाचा महोत्सव भरू लागला. तेथे देशविदेशांतील सोंगांची पथके येतात. पेर्निक परिसरातील खेड्यांच्या या सणाला २०१५ साली युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. मात्र शहरातला महोत्सव हा पाहण्याचा सोहळा असतो. खेड्यात मात्र प्रत्येक घराचे दार ठोठावले जाते. कोण आजारी आहे, कोण एकटे आहे, कोणाच्या घरी नवे बाळ आले आहे, हे त्या दिवशी साऱ्या गावाला कळते.

घंटांच्या आवाजाने भुते पळतात का? आज बल्गेरियातले अनेक लोकही या प्रश्नावर हसतील. पण वर्षातील सर्वांत अंधाऱ्या दिवसांत माणसे घराबाहेर पडतात, शेकोटीभोवती जमतात, शेजाऱ्याच्या दारी जातात आणि मिळालेले गरिबाला देतात. त्यामुळे मनातील भीती आणि एकटेपणा दूर पळतो, यात शंका नाही. म्हणूनच तर ते इतके ओझे आनंदाने वाहतात.

शब्दार्थ
सोंग – दुसऱ्याचे रूप घेणे, वेषांतर. उग्र – भयंकर, रागीट. ओतीव – धातू वितळवून साच्यात ओतून केलेले. घोगरा – जाड, खरखरीत (आवाज). म्होरक्या – पुढारी. वारसा – पूर्वजांकडून मिळालेला ठेवा.

वाक्प्रचार
दणाणून जाणे – मोठ्या आवाजाने भरून जाणे. ओस पडणे – निर्जन होणे. येऱ्यागबाळ्याचे काम नसणे – सामान्य माणसाला न जमणारे काम असणे.

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बल्गेरियाची राजधानी कोणती?
(आ) मुखवटे कशापासून तयार करतात?
(इ) ‘चाऊश’ हा शब्द मूळचा कोणत्या भाषेतील आहे?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जुन्या काळी हिवाळ्यात लोकांना भीती का वाटे?
(आ) सोंगे घेणारे मिळालेल्या भेटवस्तूंचे काय करतात?
(इ) या प्रथेपुढे आज कोणते संकट आहे?

प्र. ३. वाक्यात उपयोग करा.
दणाणून जाणे, ओस पडणे.

उपक्रम : तुमच्या घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेतील आणि मराठीतील सारखे असे दहा शब्द शोधा व ते वर्गात वाचून दाखवा.