अंघोळीच्या बादलीचा हिशेब

आमच्या गावच्या घरी पडवीत एक तांब्याचा बंब आहे. पंधरा-वीस वर्षे तो पेटलेला नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आठवीत शिकणारा माझा भाचा त्याच्याभोवती फिरून म्हणाला, "मामा, किती छान! वीज नको, बिल नको. फुकट गरम पाणी!" आई शेजारीच तांदूळ निवडत बसली होती. ती मान वर न करताच म्हणाली, "फुकट कुठलं रे बाळा? पहाटे पाचला उठून फुंकणी घेऊन बसायला कोण होतं, ते विचार तुझ्या मामाला."

मी काही बोललो नाही. पण दोघांच्याही बोलण्यात तथ्य किती, हे मोजून पाहता येईल असे मनात आले, आणि सुट्टीचे दोन दिवस आम्ही मामा-भाच्यांनी त्यातच घालवले. बाजारात वस्तूवर जी किंमत लिहिलेली असते ती आणि त्या वस्तूचा खरा खर्च यांत अंतर असते. ते किती, आणि खर्च नेमका कोण भरतो, हे पाहायला एक बादली पाणी पुरते.

विद्यार्थी मित्रहो, आधी सर्वांना समान असलेला भाग पाहू. समजा, थंडीच्या दिवसांत नळाचे पाणी २० अंश सेल्सिअस आहे आणि तुम्हाला २० लिटरची बादली ४५ अंशांवर हवी आहे. उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्णता × तापमानातील वाढ, हे सूत्र तुम्हाला माहीत आहे. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. म्हणून २० × ४.२ × २५ = २,१०० किलोज्यूल. विजेच्या भाषेत एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. तेव्हा आपली बादली झाली सुमारे ०.५८ युनिटांची. युनिटला ८ रुपये धरले तर पावणेपाच रुपये. तुम्ही म्हणाल, आम्ही तर कढत पाण्यात विसण घालतो, मग हिशेब बदलेल. बदलणार नाही. ६० अंशांचे साडेबारा लिटर पाणी आणि २० अंशांचे साडेसात लिटर विसण मिळून ४५ अंशांचे बरोबर २० लिटर होतात, आणि ते साडेबारा लिटर तापवायलाही तेवढेच २,१०० किलोज्यूल लागतात. करून पाहा.

आता बंब. बंबाची रचना मोठी चतुराईची आहे. मधोमध उभे नळकांडे, त्यात जाळ, आणि भोवती सगळीकडून पाणी. चुलीवर ठेवलेल्या हंड्याच्या फक्त बुडाला आच लागते. इथे जाळाला पाण्याने वेढा घातलेला असतो. त्यातून तांबे हे उत्तम उष्णतावाहक. तेव्हा कार्यक्षमता चांगली असणार असे मला वाटले होते. आम्ही बंब घासूनपुसून त्यात मोजून २० लिटर पाणी भरले, धलप्या आणि करवंट्या तराजूवर तोलल्या आणि तापमापी लावून बसलो. पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर यायला दीड किलो जळण लागले. पाण्याने घेतली ३,३६० किलोज्यूल उष्णता. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोपासून सुमारे १५,००० किलोज्यूल मिळतात. म्हणजे आम्ही जाळली २२,५०० किलोज्यूल. कार्यक्षमता १५ टक्के! बाकीची उष्णता नळकांड्याच्या तोंडातून धुरासोबत वर गेली, काही लाकडातला ओलावा वाळवण्यात खर्ची पडली, काही उघड्या तांब्याच्या अंगातून पडवीत पसरली. जो तांब्याचा गुण आतून उपयोगी, तोच बाहेरून घातक.

या १५ टक्क्यांत आईचे पाऊण तास धरलेले नाहीत. जळण गोळा करणे, पावसाळ्यासाठी ते कोरडे ठेवणे, धुराने चुरचुरणारे डोळे, हेही नाहीत. लाकडाच्या धुरातले अतिसूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात, हे आज आपल्याला माहीत आहे. तेव्हा तिला फक्त खोकला माहीत होता. आम्हा मुलांना पाणी फुकट मिळत होते हे खरे. भाच्याने वहीत 'आजीचा वेळ' असा रकाना आखला आणि त्यापुढे किती रुपये लिहायचे म्हणून मला विचारले. मला सांगता आले नाही.

आता विजेकडे वळू. इथे एक गंमत आहे. पाण्यात बुडवायची तापकांडी काही शे रुपयांना मिळते, तर टाकीचा गिझर काही हजारांना. महाग वस्तू जास्त कार्यक्षम, अशी आपली समजूत असते. पण कांडी पूर्ण पाण्यात असते, तिची जवळजवळ सगळी उष्णता पाण्यातच जाते. १,५०० वॉटची कांडी २,१०० किलोज्यूल १,४०० सेकंदांत, म्हणजे २३-२४ मिनिटांत देते. गिझरही विजेची उष्णता तितक्याच इमानाने करतो. पण टाकीतले पाणी वापराविना राहिले की उष्णता हळूहळू बाहेर झिरपते. गिझरवर जे तारे छापलेले असतात ते मुख्यतः ही झिरप किती कमी आहे तेच सांगतात. म्हणजे एका बादलीपुरते पाहिले तर स्वस्त कांडीच सरस!

मग जास्तीचे पैसे कशाचे? तापमान ठरावीक झाले की वीज आपोआप तोडणारा तापनियंत्रक, वाफेचा दाब वाढल्यास उघडणारी झडप, भूसंपर्कित आवरण, या सगळ्यांचे. कांडीला यातले बहुधा काहीच नसते. विद्यार्थी असताना वसतिगृहात मी कांडी लावून अभ्यासाला बसलो आणि विसरलो. पाणी आटले, बादलीचा काठ वितळून कांडीला चिकटला, खोलीभर धूर झाला. त्या दिवशी मी वाचलो ते केवळ वास आला म्हणून. कांडी चालू असताना पाण्यात बोट घालून 'तापलं का' हे पाहणारे लोक मी आजही पाहतो. कृपा करून बटण बंद करून, कांडीचा खटका भिंतीतून काढून मगच पाण्याला हात लावा. गॅसच्या गिझरचा हिशेबही आकर्षक दिसतो. एका बादलीला ५५ ते ६० ग्रॅम गॅस, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये अडीचशेच्या आसपास बादल्या. पण बंद न्हाणीघरात ज्योतीला प्राणवायू अपुरा पडला तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याने माणसे दगावली आहेत. असा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा असतो.

गिझर लावला आणि धूर गेला, राख गेली. गेली कुठे? आपली वीज कोळशाची असेल तर तो धूर चंद्रपूरला किंवा कोराडीला गेला. औष्णिक केंद्रात एक युनिट वीज करायला साधारण ६५० ग्रॅम कोळसा लागतो. वाटेतल्या तारांमधली गळती धरली तर आपल्या बादलीमागे सुमारे ४०० ग्रॅम. आपल्याकडच्या कोळशात एक तृतीयांशाहून अधिक राख असते. म्हणजे माझ्या एका अंघोळीची सव्वाशे-दीडशे ग्रॅम राख तिकडे पडते. बंबाच्या राखेने आई भांडी घासत असे. तिकडच्या राखेतून सिमेंट आणि विटा होतात हे खरे, पण जी उरते ती तळ्यांत साठते आणि उन्हाळ्याच्या वाऱ्यावर उडते. ती ज्यांच्या अंगणात पडते त्यांनी माझ्या बादलीतले पाणी घेतलेले नसते.

तरीही बंबाकडे परत जावे असे मी म्हणणार नाही. ४०० ग्रॅम कोळशाची ऊर्जा होते सुमारे ६,४०० किलोज्यूल. तीच बादली बंबावर तापवायला १४,००० किलोज्यूलचे जळण लागते. केंद्रात दोन तृतीयांश उष्णता वाया जाऊनही वीज निम्म्याहून कमी इंधनात काम भागवते, आणि घरातल्या बाईचे डोळे वाचतात. लाकूड पुन्हा उगवते, कोळसा उगवत नाही, ही बंबाची बाजू. तीही वहीत लिहून घेतली.

छपरावरच्या सौरबंबाचे काय? महाराष्ट्रात निरभ्र दिवशी एका चौरस मीटरवर सुमारे ५ युनिटे ऊन पडते. दोन चौरस मीटरच्या संग्राहकावर १० युनिटे. १०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला ४.६७ युनिटे लागतात, म्हणजे निम्म्याहून कमी ऊन पकडले तरी पुरे. शिवाय गिझर चालतात पहाटे, सूर्य उगवण्याच्या सुमारास. सौरबंब कालचे ऊन आजच्या पहाटेसाठी साठवून ठेवतो. आम्हाला शहरातल्या घरी तो बसवण्यासह २८,००० रुपयांना पडला. चार अंघोळींची २.३ युनिटे रोज वाचतात, म्हणजे १८-१९ रुपये. पावसाळा आणि ढगाळ दिवस वगळून वर्षाचे २६० दिवस धरले तर ४,८०० रुपयांच्या आसपास. पावणेसहा-सहा वर्षांत पैसे फिटतात. आमच्या खालच्या मजल्यावर एक भाडेकरू तरुण राहतो. त्याचा करार अकरा महिन्यांचा, छप्पर त्याचे नाही. तो कांडी वापरतो. त्याला गणित येत नाही असे कसे म्हणावे?

सोय स्वस्त झाली की वापर वाढतो, हे विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच कोळशाबद्दल लिहून ठेवले आहे. वाफेची यंत्रे काटकसरी झाली तसा कोळसा कमी न खपता जास्त खपू लागला. बंबाच्या काळात आम्हाला मोजून एक बादली मिळे. आता भाचा तुषारस्नानाखाली उभा राहतो आणि गाणे म्हणतो.

त्याच्यासाठी मी शेवटचे एक गणित घातले. आमच्या गच्चीवरच्या टाकीपासून न्हाणीघरापर्यंत नळी २० मीटर लांब, आतला व्यास १.९ सेंटिमीटर. तिच्यात पाणी किती मावते? त्याने उत्तर काढले, साडेपाच लिटरांहून थोडे जास्त. मग आम्ही मोजपात्र धरून पाहिले. गरम पाणी येईपर्यंत जवळजवळ तेवढेच थंड पाणी आले. आता पुढे विचार करा. अंघोळ संपली, नळ बंद केला, की ६० अंशांचे तेवढेच पाणी नळीत अडकून पडते आणि तासाभरात निवते. ५.६ × ४.२ × ४० म्हणजे सुमारे ९४० किलोज्यूल, जवळजवळ अर्ध्या अंघोळीची उष्णता, भिंतीला! चौघांनी चार वेगवेगळ्या वेळी अंघोळ केली तर हे चार वेळा.

तुमच्या घरच्या नळीचे माप घेऊन हेच करून पाहा. आमच्याकडे आता अंघोळी एकामागून एक उरकतात, आणि आधी येणारे थंड पाणी आई बादलीत धरून कुंड्यांना घालते. भाच्याची तक्रार एवढीच, की सुट्टीतसुद्धा त्याला साडेसहाला उठवतात.